घट आधी सांगणाऱ्या आगाशेबाई

इथल्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत आगाशेबाईंचा फोटो छापलाय आणि खाली लिहिलंय, 'सदैव हसतमुख, थोर विज्ञानप्रसारक.' फोटो बाईंचाच आहे. बाकी सगळं खोटं आहे. बाई हसतमुख नव्हत्या. समोरचा काही अर्धवट बोलला तर त्यांच्या भुवया अशा वर चढायच्या की माणसाला आपली शाळा आठवावी. मी चौथीपर्यंतच गेलो शाळेत, तरी मला आठवायची. आणि थोर म्हणाल, तर ज्या साठेसाहेबांनी हे लिहिलंय त्यांनी बाई जिवंत असताना त्यांचा फोन उचलायचं बंद केलं होतं. म्हणून मी हे लिहायला बसलोय. माझं शुद्धलेखन ज्यांना टोचेल त्यांनी स्मरणिका वाचावी. ती अगदी शुद्ध आहे.

मी माने. गलाईवाला. जुनं सोनं आटवायचं, तेजाबात शुद्ध करायचं आणि चोख करून द्यायचं, हा आमच्या खानापूर-आटपाडीकडच्या माणसांचा धंदा. हिंदुस्थानात जिथे म्हणून सराफी पेठ आहे, तिथे आमच्यातला एकजण भट्टीपाशी खोकत बसलेला सापडेल. मी मिसरूड फुटायच्या आत कलकत्त्याला आलो. दुकान बहूबाजारच्या एका बोळात, राहायला डमडमला. बाईही डमडमलाच, आमच्याच गल्लीत, दुसऱ्या टोकाला. पण त्या साहेब लोकांतल्या, पुण्याकडच्या, आणि मी भट्टीवाला. मंडळाच्या गणपतीत नमस्कार व्हायचा, तेवढाच.

पहिल्यांदा त्या दुकानात आल्या त्या आईच्या पाटल्या घेऊन. झिजून पत्र्यासारख्या झालेल्या. मी तराजू काढला तर म्हणाल्या, "थांबा. आधी सांगा, हा धूर कुठे जातो?"

म्हटलं, "वर."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर, बाई. धूर खाली कधी गेलाय?"

त्या पोटमाळ्याकडे बघत राहिल्या. धूर वर जात होता आणि पोटमाळ्याला लागून परत आमच्याच डोक्यावर येत होता. "तुमचा खोकला कधीपासूनचा?" त्यांनी विचारलं. मला राग आला. पाटल्या आटवायला आलात, वैद्यकी करायला नाही, असं तोंडावर बोललो. त्यांनी पाटल्या पिशवीत घातल्या आणि निघून गेल्या. आठवड्याने परत आल्या, तेव्हा सोबत एक मिस्त्री होता. त्याने भिंतीला भोक पाडून धूर ओढणारा पंखा बसवला. मी दाराशी हाताची घडी घालून उभा. पंखा सुरू झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता करा पाटल्यांचं काय ते."

बाईंनी सगळा जन्म केंद्र सरकारच्या अणुखात्यात काढला. तिथे काम काय, तर मोजणी. कुठे किती किरणं आहेत, कोणाच्या अंगाला किती लागली, हे मोजायचं आणि लिहून ठेवायचं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भाऊ पुण्याला बोलवत होता, गेल्या नाहीत. म्हणायच्या, "तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं. मी काय करू तिथे?" घरातसुद्धा सगळं मोजून. चहाची पूड मोजून, कुंडीचं पाणी मोजून. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम असायचं: "मोजल्याशिवाय भ्यायचं नाही, आणि मोजल्याशिवाय दुसऱ्याला धीरही द्यायचा नाही." पहिलं अर्धं लोकांना आवडायचं. दुसरं कोणी ऐकायचंच नाही.

'काळजी करू नका' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. माझी बायको सरू आजारी पडली, कॅन्सर निघाला, तेव्हा सगळी गल्ली येऊन 'काळजी करू नका' म्हणून गेली. बाई आल्या आणि विचारलं, "रोज नेणार कसं?" कारण शेक, म्हणजे किरणांचा उपचार, द्यायचं यंत्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मेट्रो, मग बस, मग टोटो. टोटो म्हणजे इथली बॅटरीवरची रिक्षा, खड्ड्यात आपटत जाणारी. शेक घेऊन परत येताना सरू बसमध्ये उलटी यायची म्हणून तोंडावर पदर दाबून बसायची आणि कंडक्टर 'दादा, खिडकीशी घ्या' म्हणून ओरडायचा. शेवटी शेवटी ती म्हणाली, "मला दुखण्याने नाही मारलं, या रस्त्याने मारलं." त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

म्हणून जेव्हा आमच्या पाड्यातल्या धर्मादाय रुग्णालयाने शेक द्यायचं कोबाल्टचं यंत्र आणायचं ठरवलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. पाडा म्हणजे आपली आळी म्हणा. इथे पाड्याचा एक क्लब असतो आणि क्लबला विचारल्याशिवाय पाड्यात पान हलत नाही. क्लबचा सेक्रेटरी मंटूदा. मंटूदाने ऐकलं की या यंत्रात अणूचा तुकडा असतो. झालं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं: पाड्यात अणू नको. रुग्णालयाचे विश्वस्त घाबरले. म्हणाले, पुढच्या दुर्गापूजेच्या आधी पाड्याची सभा घ्या. पाडा हो म्हणाला तर यंत्र आणू, नाहीतर दुसऱ्या गावाला देऊ.

बाईंनी मोहीम काढली ती त्या दिवशी. त्या, मी, आणि मंडळाचे साठेसाहेब. साठेसाहेब बँकेतले, बदलीवर आलेले. त्यांनी मंडळाचं नाव दिलं, खुर्च्या दिल्या आणि पहिल्या दिवशी फोटो काढून घेतला. मला वाटलं बाई आता फळ्यावर चित्रं काढून भाषणं देणार. नाही. त्या गच्च्यांवर जायच्या. थंडीत इथल्या बायका दुपारी गच्चीवर डाळीचे सांडगे घालतात, केस वाळवतात. बाई तिथे जाऊन बसायच्या, सांडगे घालू लागायच्या आणि तोंड बंद. मी म्हणायचो, "बाई, बोला की!" तर म्हणायच्या, "त्यांनी विचारल्यावर." कोणीतरी विचारायचंच. या यंत्राचं पाणी तळ्यात जाईल का? तळ्यातले मासे खायचे की नाही? बाई उत्तर द्यायच्या. माहीत नसलं तर 'शोधून सांगते' म्हणायच्या. आणि दुसरे लोक म्हणतात तसं नव्हे, खरोखर शोधून, चार मजले परत चढून, त्या एका बाईला सांगून यायच्या.

संक्रांतीला त्यांनी घरी हळदीकुंकू केलं आणि पाड्यातल्या बंगाली बायकांनाही बोलावलं. मंडळातल्या आपल्या बायकांची कुजबुज सुरू. बिनलग्नाच्या बाईने हळदीकुंकू करावं का म्हणून. बाईंनी ऐकलं आणि सरळ म्हणाल्या, "कुंकू मी दुकानातून आणलंय, ते लग्न विचारून देत नाहीत." मग दारात तिळगूळ घेऊन उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीला सांगितलं, "तिळगूळ घ्या आणि एक प्रश्न विचारा." गोड बोला नाही. मंटूदाची आई, जिला सगळा पाडा मासीमा म्हणतो, म्हणजे मावशी, तिने लाडू तोंडात टाकून विचारलं, "हा अणू चोराने पळवला तर?"

सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तर माणसं मरतील. भंगारात गेला आणि कोणी हातात घेतला तर मरेल. म्हणून त्याला कुलूप, पहारा आणि नोंद लागते. ती नीट ठेवतात का हे तुम्ही दर महिन्याला जाऊन विचारायचं. मी नसले तरी विचारायचं."

खुर्च्या लावायला आम्ही दोघे तिथेच होतो. बाहेर आल्यावर साठेसाहेब मला म्हणाले, "माने, ही बाई मोहीम चालवतेय की बुडवतेय?" तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो. पण मनातून मलाही तेच वाटलं होतं.

एकदा मीही तोंड उघडलं. गच्चीवर एकीने विचारलं, किरणं म्हणजे काय. मी म्हटलं, "आमच्या तेजाबाच्या वाफेसारखं, नाकाला फडकं बांधलं की झालं." बाईंनी सगळ्यांसमोर मला झापलं. "माने, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. फडक्याने काही होत नाही. उद्या ही बाई फडकं बांधून बिनधास्त जाईल." बायकांसमोर, तेही माझ्या वयाच्या माणसाला! मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनीही समजूत काढली नाही. एक दिवस नुसत्या दुकानात आल्या, पंखा चालू आहे ना ते बघितलं आणि गेल्या. मग मीच बोलायला लागलो.

क्लबच्या दारातलं प्रकरण मात्र बाईंचं चुकलं. हे मी तेव्हाही म्हटलं, आत्ताही म्हणतो. त्यांच्याकडे एक टिकटिक वाजणारं यंत्र होतं, किरणं मोजायचं. उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी ते क्लबसमोर आणलं. लोकांना दाखवायचं होतं की थोडी किरणं सगळीकडेच असतात, मातीत, भिंतीत. भिंतीला लावलं, थोडं टिकटिकलं. झाडापाशी थोडं टिकटिकलं. लोक मजेत बघत होते. क्लबच्या दारात मंटूदाने वडिलांच्या नावाने लाल दगडाचा बाक बांधलेला. मी बाईंच्या कानात म्हटलं, "तिकडे नको." त्या म्हणाल्या, "यंत्र माणूस बघत नाही, माने." आणि लावलं. ते टरटर टरटर वाजायला लागलं. अशा दगडात ते असतंच, पण हे कोणाला ठाऊक! बाई मोठ्याने सांगत होत्या, "घाबरायचं कारण नाही, इतकं चालतं. आणि त्या यंत्राच्या भिंतीबाहेर याहून कमी असेल."

यातलं शेवटचं वाक्य कोणी ऐकलंच नाही. एका पोराने बाकावरून टुणकन उडी मारली. मंटूदा तांबडा झाला. "म्हणजे माझ्या बाबांच्या बाकात विष आहे, असं म्हणायचंय का, कुमुददी?" बाईंचं नाव कुमुद, पाड्यात त्यांना ताई म्हणून कुमुददी म्हणायचे.

"विष नाही म्हणतेय मी. तेच तर सांगतेय."

"मग वाजतंय कशाला?"

दुसऱ्या दिवसापासून त्या बाकावर कुत्रंसुद्धा बसेना. मंटूदाने शेवटी स्वतः उभं राहून बाक फोडला. वडिलांच्या नावाची पाटी फडक्यात गुंडाळून घरी नेली. ते मी पाहिलं. अणूला भिणारा माणूस त्या दिवसापासून बाईंचा वैरी झाला. बाईंना ते कळलंच नाही. त्यांना वाटत होतं, आकडा बरोबर होता ना, मग झालं.

तरीसुद्धा पाडा हळूहळू वळत होता. सांडग्यांनी वळवला, बाक फुटूनही. पावसाळा सरता सरता निम्म्याहून जास्त घरं बाईंच्या बाजूची होती. भिंतीवरच्या लाल अक्षरांवर कोणीतरी चुना मारला होता.

आणि सभा तोंडावर आली असताना बाईंच्या छातीत गाठ निघाली. तपासलं, तर तेच. सरूचंच दुखणं.

त्यांनी मला जिन्यात सांगितलं, हातात दुधाची पिशवी होती.   म्हणाल्या, "ऑपरेशन सभेनंतर करू म्हणालेत. सभेत मला हे सांगावं लागेल."

"कशाला?"

"लोक माझ्या शब्दावर विश्वास ठेवतायत म्हणून."

मी म्हटलं, "बाई, वेड लागलंय का? तुम्ही जन्मभर अणूत काम केलं आणि तुम्हालाच हे झालं, असं म्हटल्यावर मंटूदा काय करेल? नाचेल!"

"डॉक्टर म्हणतात, कामाचा संबंध दिसत नाही."

"मग नाहीच तर सांगायचं कशाला?"

"दिसत नाही म्हणतात. नाही असं म्हणत नाहीत. ते वेगळं."

साठेसाहेबांना कळलं तेव्हा तेही धावत आले. "ताई, सभा होऊन जाऊ द्या. यंत्र येऊ द्या. मग सांगा ना, कोण नको म्हणतंय? यात मंडळाचं नाव आहे." बाईंनी त्यांना पाणी दिलं. 

मग मी माझ्या धंद्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, "बाई, सोनं आटवलं की घट येते. येतेच. पण कुठलाही गलाईवाला घट आधी सांगत नाही. आधी सांगितली तर गिऱ्हाईक पाटल्या उचलून शेजारच्या दुकानात जातं."

"आणि नंतर सांगितली तर चोर म्हणतं."

"म्हणू दे की! तोवर सोनं आटलेलं असतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. भुवया वर गेल्या नाहीत. "माने, माझ्या पाटल्यांची घट तुम्ही आधी सांगितली होतीत."

सांगितली होती. पंख्याची मेहेरबानी झाली होती ना माझ्यावर. पण ते एका गिऱ्हाइकाचं होतं, इथे अख्खा पाडा होता. मी म्हटलं, "सरूच्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला, गप राहा." मेलेल्या बायकोची शपथ घातली मी. त्यापुढे माणूस काय घालणार?

सभा क्लबच्या हॉलमध्ये झाली. खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडक्यांत बसले. विश्वस्त आले होते. बाईंनी यंत्र कसं असतं, भिंत किती जाड, दार किती जाड, तुकडा निकामी झाला की सरकार परत कसं नेतं, सगळं आपल्या मराठी वळणाच्या बंगालीत सांगितलं. प्रश्न संपले. मंटूदा कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता, त्याच्या बाजूचे बोटांवर मोजण्याइतके. साठेसाहेबांनी मला डोळ्याने खूण केली: झालं.

तेवढ्यात मासीमा उठली. मंटूदाची आई, पण गच्चीवर बाईंची मैत्रीण झालेली. तिने मुलाकडे बघून म्हटलं, "ते आकडेबिकडे राहू दे. मला एवढंच कळतं, कुमुद सगळं आयुष्य या अणूच्या शेजारी बसली आणि बघा, कशी ठणठणीत आहे! मला दुसरा पुरावा नको. हात वर करा सगळ्यांनी."

हात वर जायला लागले. मी मोजत नव्हतो, पण हॉलभर हात होते. विश्वस्त हसले. बाईंनी फक्त खाली बसायचं होतं. बाकी काही करायचं नव्हतं. खुर्ची मागेच होती.

"हात खाली करा," बाई म्हणाल्या. "मी ठणठणीत नाही."

आणि सांगितलं. गाठ, दुखणं, सगळं. म्हणाल्या, "माझ्या कामातली आयुष्यभराची मोजणी मर्यादेच्या आत आहे. डॉक्टरांना संबंध दिसत नाही. मलाही वाटत नाही. पण नाहीच, अशी शपथ मी घेणार नाही. आणि मी ठणठणीत आहे म्हणून तुम्ही हो म्हणत असाल, तर म्हणू नका. यंत्रासाठी म्हणा."

कोणीच म्हणालं नाही.  मग एक हात खाली गेला, मग सगळेच. लोकांनी बाईंकडे बघायचं टाळलं. मंटूदा नाचला नाही, हे सांगितलं पाहिजे. तो नुसता पुढे आला आणि म्हणाला, "सभा संपली." चहा किटलीत तसाच राहिला.

यंत्र दुसऱ्या गावाला गेलं. कुठल्या, ते मी विचारलं नाही. साठेसाहेबांनी मंडळाच्या खुर्च्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत नेल्या, इतक्या सकाळी ते ऑफिसलाही कधी गेले नसतील. पाड्यात लहान पोरं बाईंच्या दारावरून धावत जायची. बायका सांगायच्या, तिथला वारा घेऊ नका.

लोक मला विचारतात, बाई बरोबर होत्या की नाही. मी सांगतो, चूक होत्या. पंधरा दिवस गप बसल्या असत्या तर यंत्र आलं असतं आणि पुढच्या प्रत्येक सरूची बस वाचली असती. खऱ्याचा एवढा सोस परवडणारा माणूस वेगळा, आणि उलटी दाबत बसमध्ये बसणारा वेगळा. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो. त्या म्हणाल्या, "असेल." एवढंच, असेल. शोधून सांगते म्हणाल्या नाहीत.

ऑपरेशन झाल्यावर शेक घ्यायला त्यांनाही त्याच रस्त्याने जावं लागलं. मेट्रो, बस, टोटो. मी सोबत जायचो. भांडलो होतो, पण रस्ता मला माहीत होता. बसमध्ये त्यांना खिडकी मिळवून द्यायची एवढंच माझं काम.

शेवटच्या दिवशी, म्हणजे शेक संपून भाचा त्यांना पुण्याला न्यायला येणार होता त्याच्या आदल्या दिवशी, आम्ही शेकाच्या दवाखान्यातल्या बाकावर नंबर लावून बसलो होतो. समोरून मंटूदा आला. हाताला धरलेली मासीमा. ती निम्मी झाली होती. मंटूदाने आम्हाला पाहिलं आणि तोंड फिरवून भिंतीवरची सूचना वाचायला लागला. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. थुंकू नका, एवढंच होतं.

मी जागचा हललो नाही. बाई सरकल्या. इतक्या सरकल्या की मला कडेला ढकललं. "मासीमा, इथे बसा."

मासीमा बसली.  मग बाईंचा हात धरून म्हणाली, "कुमुद, हे डॉक्टर सगळे भय नाही, भय नाही म्हणतात. तू सांग. तू खोटं बोलत नाहीस. आत दुखतं का?"

"दुखत नाही. एकटं बसावं लागतं. दार बंद होतं तेव्हा भीती वाटते. मला अजून वाटते."

"आणि मी बरी होईन?"

मी बाईंकडे बघितलं. आता तरी, मनात म्हटलं, आता तरी हो म्हण गं बाई.

"ते मला माहीत नाही, मासीमा," बाई म्हणाल्या. "पण आत काय आहे ते दाखवते."

मासीमाने मान हलवली. तिला तेवढं पुरलं. ते तिला त्या सभेत का पुरलं नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. मंटूदा कुठूनतरी मातीच्या कपांत चहा घेऊन आला, सगळ्यांसाठी. मी घेतला नाही. बाई म्हणाल्या, "घ्या माने, निवतोय." तरी घेतला नाही.

बाईंचं नाव पुकारलं. त्या उठल्या, तिथल्या माणसाशी काही बोलल्या, त्याने खांदे उडवले आणि हो म्हटलं. मग त्या मासीमाला हाताला धरून दारापर्यंत घेऊन गेल्या. दार उघडून दाखवलं, आतलं टेबल दाखवलं, यंत्राचं वरचं डोकं दाखवलं, भिंतीवर हात ठेवायला लावला. गच्चीवर सांगायच्या तशाच. मासीमाने एक प्रश्न विचारला, तो मला ऐकू आला नाही. बाईंनी उत्तर दिलं. मग मासीमाला बाहेर सोडलं आणि एकट्या आत गेल्या.

दार लागलं. चांगलं हातभर जाड होतं. त्यांनी सभेत सांगितलं होतं, तेवढंच.